सुट्टीतली पंगत : अमेरिकेच्या उन्हाळी भोजन योजनेचा इतिहास

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांना मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये सुट्टी लागते आणि त्या ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या आरंभी उघडतात. या दहा-अकरा आठवड्यांत शाळेचे स्वयंपाकघरही बंद राहते. वर्षभर जी मुले दुपारी शाळेत मोफत किंवा अगदी कमी पैशांत जेवतात, त्यांच्या घरी एकाएकी रोजचे एक जेवण वाढते. न्याहारीही शाळेत होत असेल तर दोन. घरात येणारा पगार मात्र तेवढाच असतो. ही तूट भरून काढण्यासाठी संघीय सरकारने १९६८ साली एक लहानशी योजना सुरू केली. पुढे ती ‘समर फूड सर्व्हिस प्रोग्रॅम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अठरा वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाने यावे, नाव-गाव न सांगता जेवावे, पैसे द्यायचे नाहीत, असा तिचा उदार मामला होता. अट एकच होती : जेवण तिथेच बसून संपवायचे, घरी न्यायचे नाही. योजनेच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातली बरीचशी भांडणे या अटीपाशी येऊन थांबतात.

शालेय जेवणाचा कायदा त्याआधीचा. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ४ जून १९४६ रोजी ‘नॅशनल स्कूल लंच ॲक्ट’वर सही केली. त्यामागे दोन चिंता होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेल्या तरुणांपैकी अनेक जण कुपोषणाशी संबंधित दोषांमुळे नापास झाले होते, आणि शेतकऱ्यांकडचा जादा माल कुठे तरी खपवायचा होता. म्हणून हे काम शिक्षण खात्याकडे न जाता कृषी खात्याकडे गेले आणि आजही तिथेच आहे. कायदा शाळेपुरता होता. शाळा भरलेली असेल तर जेवण, नसेल तर नाही. शिवाय ज्या जुन्या शाळांत स्वयंपाकघरच नव्हते, त्या या सोयीबाहेर राहिल्या. आणि अशा शाळा नेमक्या गरीब वस्त्यांत होत्या.

या व्यवस्थेच्या बाहेर किती भूक शिल्लक आहे, हे देशापुढे आले ते १९६७ साली, मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातून. हा कापसाचा मुलूख. तिथल्या मळ्यांवर कापूस वेचणीची यंत्रे आली, तण मारायला रसायने आली आणि पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या हाताला काम उरले नाही. त्याच सुमारास अनेक तालुक्यांत सरकारी शिध्याचे फुकट वाटप बंद होऊन त्याऐवजी फूड स्टॅम्प आले. फूड स्टॅम्प तेव्हा विकत घ्यावे लागत. थोडी रक्कम भरायची आणि तिच्यापेक्षा अधिक किमतीचे अन्न आणायचे, अशी ती पद्धत होती. ज्या घरात रोख पैसा येतच नाही, त्या घराने ही थोडी रक्कम तरी कुठून आणायची, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता.

एप्रिल १९६७मध्ये सिनेटच्या एका उपसमितीने मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे सुनावणी घेतली. मेरियन राइट या तरुण वकील महिलेने (पुढे त्या मेरियन राइट एडलमन या नावाने मुलांच्या हक्कांसाठी देशभर प्रसिद्ध झाल्या) डेल्टातली माणसे उपाशी आहेत, समितीने ती स्वतः येऊन पाहावीत, असे सांगितले. जोसेफ क्लार्क आणि रॉबर्ट केनेडी हे दोन सिनेटर दुसऱ्याच दिवशी तिकडे निघाले. एका अंधाऱ्या खोपटात केनेडी जमिनीवर बसले आणि पोट फुगलेल्या एका लहानग्याशी खेळण्याचा, त्याला हसवण्याचा प्रयत्न करत राहिले. मूल ढिम्म होते. सोबतच्या वार्ताहरांनी हे पाहिले आणि डेल्टाची बातमी देशभर गेली. पुढच्या महिन्यात फील्ड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकाने तिथल्या मुलांची तपासणी केली आणि जुलैमध्ये सिनेटसमोर साक्ष दिली. भूक हा परदेशातला प्रश्न आहे, अशी सुखवस्तू अमेरिकेची समजूत होती. ती त्या उन्हाळ्यात मोडली.

भोजन योजनेचा कायदा मात्र केनेडींच्या नावावर नाही. तो ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचे प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांच्या नावावर आहे. बो-टाय बांधणारे हे गृहस्थ पुढे सोव्हिएत संघाशी व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘जॅक्सन-व्हॅनिक’ दुरुस्तीमुळे इतिहासाच्या पुस्तकांत गेले. मुलांच्या जेवणाशी त्यांचे नाव फारसे कुणी जोडत नाही. मूळच्या शालेय भोजन कायद्यात त्यांनी एक नवे कलम घालून घेतले आणि ८ मे १९६८ रोजी ते अमलात आले. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये गरिबीविरोधातल्या ‘पुअर पीपल्स कँपेन’ या चळवळीचे आंदोलक तंबू ठोकून बसले होते, आणि २१ मे रोजी सीबीएस वाहिनीने अमेरिकेतल्या भुकेवरचा आपला गाजलेला माहितीपट दाखवला. म्हणजे कायदा माहितीपटाच्या आधी झाला होता. लोकांचा संताप मागून आला.

व्हॅनिक यांच्या कलमात दोन गोष्टी एकत्र होत्या : पाळणाघरातल्या मुलांचे जेवण आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले जेवण. आर्थिक स्थिती वाईट असलेल्या किंवा कामावर जाणाऱ्या आयांची संख्या मोठी असलेल्या वस्त्यांसाठी ती मदत होती. तीन वर्षे करून पाहावे, मग ठरवावे, असा बेत होता. १९६९च्या उन्हाळ्यात देशभरातल्या सुमारे १,२०० ठिकाणी ९९ हजार मुले जेवली. अमेरिकेच्या मानाने हा आकडा नगण्यच म्हणायचा.

पण या कलमातला एक विचार नवा होता. शाळेत मोफत जेवण हवे तर पालकांना उत्पन्नाचा अर्ज भरावा लागे. सुट्टीत अर्ज घेणार कोण आणि तपासणार कोण? म्हणून पात्रता मुलाची न धरता वस्तीची धरली गेली. वस्तीतल्या ठरावीक हिश्श्याहून अधिक मुले गरीब असली की तिथले वाटप केंद्र सगळ्यांसाठी खुले. दारात येणारे मूल डॉक्टरचे आहे की धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे, हे विचारायचे नाही. मुलाला लाज वाटण्याचा प्रसंगच त्यामुळे टळला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर पुढे असाच प्रश्न आला, तेव्हा तोडगाही असाच निघाला. एप्रिल २००४च्या आदेशाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले मध्यान्ह भोजन चालू ठेवायला सांगितले गेले, आणि तिथेही निकष मुलाच्या घराचा नसून भागाचा होता.

योजनेची रचना तीन पायऱ्यांची आहे. कृषी खाते राज्याला पैसे देते. राज्य एखाद्या आयोजक संस्थेशी करार करते. ही संस्था म्हणजे शाळा मंडळ, महापालिकेचे उद्यान खाते, चर्च किंवा धर्मादाय संस्था. आयोजक संस्था प्रत्यक्ष वाटप केंद्रे चालवते : शाळेचे उपाहारगृह, बागेतला मंडप, चर्चचे तळघर, सरकारी गृहवसाहतीतले अंगण. पैसे जेवणामागे मिळतात. जेवढी ताटे नियमाप्रमाणे वाढली तेवढ्यांचीच भरपाई. दुपारच्या ताटात काय असावे हेही ठरलेले आहे. एक पेला दूध, दोन वेगवेगळ्या फळांचा किंवा भाज्यांचा मिळून पाऊण कप, पावाचा एक काप किंवा तत्सम धान्यपदार्थ, आणि दोन औंस मांस किंवा चीज. नाही तर त्याऐवजी शेंगदाण्याचे लोणी वगैरे. बऱ्याच केंद्रांवर चूल नसल्याने प्रत्यक्षात हे जेवण म्हणजे थंड सँडविच, सफरचंद आणि दुधाचा छोटा डबा.

फिलाडेल्फियातली ‘प्लेस्ट्रीट्स’ पाहिली की हे काम कसे चालते ते कळते. उन्हाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात शहरातल्या अनेक लहान गल्ल्या वाहनांसाठी बंद केल्या जातात आणि मुलांना खेळायला मोकळ्या सोडल्या जातात. गल्लीतलाच एक रहिवासी, बहुधा आजीच्या वयाची एखादी बाई, देखरेखीची जबाबदारी घेते. शहराच्या उद्यान खात्याची गाडी तिच्या दाराशी जेवणाची खोकी उतरवते. किती नग आले ते मोजून ती पावतीवर सही करते आणि दूध थंड राहील अशी सोय करते. ठरलेल्या वेळी मुले पायरीपाशी गोळा होतात. हातातल्या कागदावर एकापासून पुढे आकडे छापलेले असतात. मुलाच्या हाती जेवण पडले की एक आकडा खोडायचा. आधी खोडून ठेवायचे नाहीत आणि संध्याकाळी आठवून तर मुळीच खोडायचे नाहीत, कारण तपासनीस कधीही येऊ शकतो. दुसऱ्यांदा वाढलेल्या जेवणांची भरपाई एकूण जेवणांच्या फार तर दोन टक्क्यांपर्यंतच मिळते. मोठ्या माणसाने खाल्ले तर त्याचे पैसे सरकार देत नाही. धाकट्याला घेऊन आलेल्या आईने त्याचे उरलेले अर्धे सँडविच खाल्ले तरी तो नियमभंगच. एवढी बारीक नजर एका सँडविचवर का, याचे उत्तर सत्तरच्या दशकात आहे.

तीन वर्षांची चाचणी पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि १९७५मध्ये संसदेने उन्हाळी योजना पाळणाघरांच्या योजनेपासून वेगळी केली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना हा खर्च मान्य नव्हता. त्यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला, आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो ७ ऑक्टोबर १९७५ रोजी मोडून काढला. नव्या कायद्यात एक महत्त्वाची कलाटणी होती. जी आयोजक संस्था अटी पूर्ण करेल तिला पैसे मिळालेच पाहिजेत. निधी संपला म्हणून कुणाला परत पाठवता येणार नाही. वस्तीतली एक तृतीयांश मुले गरीब असली की केंद्र उघडता येत होते. योजना झपाट्याने पसरली. १९७७च्या उन्हाळ्यात सुमारे २३,७०० ठिकाणी जवळजवळ २८ लाख मुले जेवत होती आणि वर्षाचा खर्च ११ कोटी डॉलरच्या वर गेला होता. आठ वर्षांपूर्वीच्या ९९ हजारांशी ताडून पाहिले तर ही वाढ छाती दडपवणारी आहे. आणि ती सांभाळणारी यंत्रणा होती राज्यांच्या खात्यांतल्या मूठभर कर्मचाऱ्यांची. उन्हाळा येईपर्यंत त्यांच्याकडे अर्जांचा ढीग साचे आणि उन्हाळा सरेपर्यंत तपासणीला वेळ मिळत नसे.

पाणी मुरायला लागले ते मोठ्या शहरांत, आणि सगळ्यांत जास्त न्यू यॉर्कमध्ये. तिथे स्वयंपाकघर नसलेल्या अनेक संस्था आयोजक झाल्या होत्या. त्या डबाबंद जेवण खासगी ठेकेदारांकडून घेत. ठेकेदाराला ताटामागे पैसे, संस्थेलाही व्यवस्थापनाचा खर्च ताटामागे. म्हणजे मुले कमी आली तरी ताटे कमी करण्यात दोघांपैकी कुणाचाही फायदा नव्हता. एकाच गल्लीत दोन-तीन केंद्रे उघडली गेली. मुले पन्नास असली तरी जेवणे त्याहून कितीतरी अधिक येत. खोकी उन्हात फुटपाथवर पडून राहत, दूध नासे आणि उरलेला माल कचऱ्यात जाई. मोठी माणसे जेवणे घेऊन जात. न दिलेल्या जेवणांची बिले लावली जात. काही ठेकेदार मोठी कंत्राटे मिळवण्यासाठी संस्थांना लाच देत. काही ठिकाणी तर आयोजक संस्थेचे सगळे कामकाज मागून ठेकेदारच चालवत होता. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल १९७७मध्ये या गैरव्यवहारांवर स्वतंत्र अहवाल दिला. मुलांना जेवू कसे घालावे आणि गैरप्रकार कसे थांबवावेत, असे दोन्ही प्रश्न त्याच्या शीर्षकातच होते. पुढे न्यायालयात खटले उभे राहिले आणि काही जणांना शिक्षा झाल्या.

या प्रकरणात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. घोटाळ्यातली मोठी रक्कम मुलांनी जास्त खाल्ले म्हणून गेली नव्हती. ती न खाल्लेल्या जेवणांवर गेली होती. तरीही सुधारणा करताना जो चाप लावला गेला तो ठेकेदार, संस्था आणि मुले अशा सगळ्यांना एकत्र बसला. ‘इथेच बसून खा’ हा नियम आधीपासून होता. आता तो गैरव्यवहार रोखण्याचे मुख्य हत्यार मानला जाऊ लागला. मूल डोळ्यांसमोर जेवले, म्हणजे जेवण खरोखर मुलाच्या पोटात गेले, एवढा एकच पुरावा तपासनिसाला पटणारा होता.

नोव्हेंबर १९७७च्या कायद्याने ठेकेदारांची नोंदणी सक्तीची केली, आयोजक निवडताना सरकारी संस्था आणि शाळांना अग्रक्रम दिला आणि केंद्रांच्या तपासणीचे नियम कडक केले. खरा घाव बसला तो १९८१मध्ये. रोनाल्ड रेगन सत्तेवर आले होते आणि सामाजिक खर्चाला कात्री लावणे हा त्यांच्या कार्यक्रमाचाच भाग होता. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकी कायद्याने उन्हाळी योजनेतून खासगी धर्मादाय संस्था जवळजवळ सरसकट बाहेर काढल्या. वस्तीतली एक तृतीयांश मुले गरीब असावीत ही अट बदलून निम्मी मुले गरीब असावीत, अशी केली. कागदावर हा एका आकड्याचा फरक होता. प्रत्यक्षात, जिथे गरीब आणि बऱ्या स्थितीतली घरे मिसळून राहतात अशा वस्त्या आणि जिथे घरे विखुरलेली असतात असा खेड्यांचा भाग, दोन्ही यादीतून गळाले. १९८१मध्ये १९ लाख मुले जेवत होती. १९८२मध्ये ती १४ लाखांवर आली.

चर्च आणि स्वयंसेवी संस्था गेल्याची झळ खेड्यांत आणि लहान गावांत अधिक लागली, कारण तिथे दुसरे कुणी नव्हते. उन्हाळ्यात शाळा मंडळाला इमारत उघडायची नसते, पगारी माणसे बोलवायची नसतात, वातानुकूलनाचे बिल नको असते. गावात उद्यान खाते नावाची चीज असतेच असे नाही. शेवटी १९८९च्या कायद्याने धर्मादाय संस्थांना पुन्हा दार उघडले, पण दुधाने तोंड पोळलेल्या सरकारने ताकही फुंकून प्यायले. संस्थेने किती केंद्रे चालवावीत, एका केंद्रावर किती मुले असावीत, यांवर कमाल मर्यादा आल्या. जेवण संस्थेने स्वतः शिजवायचे किंवा शाळेसारख्या सरकारी स्वयंपाकघरातून आणायचे. व्यापारी ठेकेदाराकडून तयार जेवण घेण्याची मुभा तिला तेव्हा नव्हती. न्यू यॉर्कमधल्या उघड्यावर सडलेल्या खोक्यांचा हा दंड कॅन्ससमधल्या एखाद्या लहानशा चर्चने भरायचा होता.

हिशेबाचा जाच वेगळाच. स्वयंपाकाचा खर्च एका वहीत, कार्यालयीन खर्च दुसऱ्या वहीत. आणि भरपाई मिळायची ती प्रत्यक्ष खर्च किंवा ठरलेला दर यांतली जी रक्कम कमी असेल तेवढीच. काटकसर केली तर वाचलेला पैसा सरकारचा, खर्च वाढला तर तोटा संस्थेचा. अशा व्यवहारात दुसऱ्या वर्षी उतरायला कोण तयार होईल? इंडियाना राज्याचे सिनेटर रिचर्ड लुगार यांनी २००० सालच्या अखेरीस यावर एक सोपा उपाय मंजूर करून घेतला. ज्या राज्यांत योजनेचा प्रसार सगळ्यांत कमी आहे, अशा तेरा राज्यांत आणि प्वेर्तो रिकोमध्ये जेवणांची संख्या गुणिले दर एवढाच हिशेब ठेवायचा. दोन वह्यांची भानगड गेली. त्या राज्यांतली केंद्रे आणि मुले वाढत गेली आणि २००८पासून ही पद्धत देशभर लागू झाली. शाळा मंडळांनाही उन्हाळ्यात नियमित शालेय योजनेच्याच कागदपत्रांवर जेवण देण्याची मोकळीक २००४च्या कायद्याने मिळाली होती.

यानंतरच्या दशकात कल्पकता दिसते ती स्थानिक पातळीवर. कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१३मध्ये दुपारचे जेवण सुरू केले. मुले पुस्तकांसाठी येतात तिथेच जेवतात, आणि ग्रंथालयात जाण्याची कुणाला लाज वाटत नाही. टेनेसीतल्या काही आयोजक संस्थांनी जुन्या शाळाबसमधली बाकडी काढून आत टेबले बसवली आणि बस डोंगराळ रस्त्यांवरून फिरत्या घरांच्या वसाहतींत नेली. मुले बसमध्ये चढत, ठरलेल्या वेळेत जेवत आणि उतरत, कारण जेवण घेऊन घरी जायला मनाई होती. नियम पाळण्यासाठी जेवणाचे घरच चाकांवर आणावे लागले, यातच त्या नियमाचे वजन कळते.

इतके करूनही हिशेब जुळत नव्हता. शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणाऱ्या दर सहा-सात मुलांमागे उन्हाळ्यात एखादेच मूल केंद्रापर्यंत पोचत होते. कारणे साधी होती. केंद्र दोन-तीन मैलांवर, मध्ये हमरस्ता, आई-वडील कामावर, घरी सांभाळायला धाकटे भावंड. बस नाही, असली तरी भाडे जेवणाच्या किमतीएवढे. वीस मिनिटांच्या जेवणासाठी भर उन्हात एवढी पायपीट करायची, हे बारा वर्षांच्या मुलाला पटत नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तर तिथे दिसायचेही नसते. शिवाय अनेक केंद्रे उन्हाळी वर्गांबरोबर जुलैमध्येच मिटत. ऑगस्ट कोराच जाई.

म्हणून २०११ साली कृषी खात्याने उलट बाजूने सुरुवात करून पाहिली. मुलाला जेवणाकडे बोलावण्याऐवजी जेवणाचे पैसे मुलाच्या घरी पाठवायचे. पहिल्या वर्षी कनेक्टिकट, मिशिगन, मिसूरी, ओरेगॉन आणि टेक्सस या राज्यांत निवडक कुटुंबांना दर मुलामागे महिन्याला ६० डॉलरचे कार्ड दिले गेले. ते दुकानात फक्त खाद्यपदार्थांवर चालायचे. कुणाला कार्ड मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवल्याने मिळालेली आणि न मिळालेली कुटुंबे यांची तुलना करता आली. मुलांना खरोखर उपाशी राहावे लागण्याचे, म्हणजे अन्नटंचाईच्या सर्वांत तीव्र पातळीचे, प्रमाण कार्ड मिळालेल्या घरांत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. चाळीस वर्षे केंद्रे चालवूनही इतका नेमका परिणाम कुणी मोजून दाखवलेला नव्हता. तरीही पुढची जवळपास दहा वर्षे हा प्रयोग प्रयोगच राहिला. पैसा हातात दिला तर तो कशावर खर्च होईल, हा १९७७चा संशय वॉशिंग्टनमध्ये शाबूत होता.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे देशभरातल्या शाळा बंद झाल्या आणि एका अर्थी उन्हाळ्याची सुट्टी तीन महिने आधीच लागली. आता एकत्र बसून जेवणे हाच धोका होता. संसदेने कृषी खात्याला नियम शिथिल करण्याचे अधिकार दिले आणि जे नियम अर्धशतक हलले नव्हते ते काही आठवड्यांत बाजूला झाले. जेवण घरी नेता येऊ लागले. मूल सोबत नसले तरी पालकाला नेता येऊ लागले. अनेक दिवसांची जेवणे एकदम देता येऊ लागली. वस्ती गरीब असावी ही अटही स्थगित झाली. शाळाबस नेहमीच्या मार्गाने फिरत आणि थांब्या-थांब्यावर मुलांऐवजी पिशव्या उतरवत. उन्हाळ्यासाठी केलेल्या नियमांखाली शाळांनी पुढे पूर्ण शालेय वर्षे मुलांना मोफत जेवू घातले. सोबत ‘पँडेमिक ईबीटी’ नावाने बुडालेल्या शालेय जेवणांची रक्कम कार्डावर थेट घरी जाऊ लागली. गडबडी झाल्या, काही ठिकाणी मोठ्या झाल्या. पण केंद्राचा पत्ता सापडत नाही म्हणून मूल उपाशी राहण्याचा जुना प्रश्न त्या काळापुरता सुटला होता.

या सवलती ३० जून २०२२ रोजी संपणार होत्या. संसदेने जेमतेम पाच दिवस आधी, २५ जूनला, त्या उन्हाळ्यापुरती मुदतवाढ दिली. तोवर अनेक आयोजकांनी त्या वर्षीचे बेत आखून टाकलेले होते. कायमचा निर्णय २९ डिसेंबर २०२२ रोजी एका अवाढव्य अंदाजपत्रकी कायद्यात झाला. त्यातून दोन गोष्टी मिळाल्या. जिथे एकत्र जेवणाची सोय नाही अशा ग्रामीण भागांत जेवण घरी नेण्याची परवानगी कायम झाली. आणि २०२४पासून पात्र मुलामागे उन्हाळ्यात महिना ४० डॉलर, तीन महिन्यांचे मिळून १२० डॉलर, कार्डावर देण्याची नवी योजना आली. २०११च्या प्रयोगात हीच रक्कम महिना ६० डॉलर होती. पैसा उभा करण्यासाठी कोविडकाळात गरीब कुटुंबांना मिळणारी फूड स्टॅम्पची जादा रक्कम फेब्रुवारी २०२३नंतर बंद केली गेली. म्हणजे मुलांच्या उन्हाळी जेवणाचा खर्च काही अंशी त्यांच्याच घरातल्या मोठ्यांच्या ताटातून काढला गेला. दोन्ही पक्षांची तडजोड ती हीच.

कार्डाचे सगळे पैसे संघीय सरकारचे, पण चालवण्याच्या खर्चातला निम्मा वाटा राज्याने उचलायचा होता, आणि सहभाग राज्याच्या मर्जीवर होता. २०२४च्या पहिल्या उन्हाळ्यात ३७ राज्ये सामील झाली आणि जवळपास २ कोटी १० लाख मुलांपर्यंत ही मदत जाईल, असा कृषी खात्याचा अंदाज होता. तेरा राज्ये बाहेर राहिली. नेब्रास्काचे राज्यपाल जिम पिलन यांनी आधी सरकारी मदतीच्या तत्त्वालाच विरोध करत नकार दिला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी निर्णय फिरवला. शाळकरी मुलांनी येऊन सुट्टीत घरी काय परिस्थिती असते ते सांगितले, हे त्यांनी दिलेले कारण. शेजारच्या आयोवात राज्यपाल किम रेनॉल्ड्स ठाम राहिल्या. मुलांमध्ये लठ्ठपणा वाढत असताना, पोषणाचा विचार न करणारे कार्ड वाटणे त्यांना मान्य नव्हते. त्याऐवजी भोजन केंद्रांना जादा पैसे देणे त्यांनी पसंत केले.

मे २०२५मध्ये कृषी खात्याने आयोवाला स्वतंत्र वाट मंजूर केली. तिथे कार्ड नाही. मुलामागे महिन्याला ४० डॉलर किमतीचे अन्न, राज्याने ठरवलेल्या जिनसांचे, अन्नपेढ्यांमार्फत वाटायचे. कुटुंबाने ते नेमलेल्या ठिकाणी येऊन घ्यायचे, आणि घरी नेऊन खायचे.